मागच्या रांगेतून दिसणारी शाळा

नेमणुकीचा कागद हातात पडल्यापासून तू मला तीनदा फोन केलास, माय, आणि तिन्ही वेळा एकच विचारलंस: "फुई, पहिल्या दिवशी काय शिकवू?" चोपडा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना १६,००० रुपये मानधन. सगळं ऐकलं. आता माझं ऐक. पहिल्या दिवशी काहीच शिकवू नकोस. मागच्या रांगेत जाऊन बस.

बस म्हणजे खरोखर बस, पट्टीवर मांडी घालून, पोरांच्या उंचीला. एक तास दुसऱ्या गुरुजींना शिकवू दे आणि तू फक्त बघ. दाराकडून येणाऱ्या उजेडाने फळ्याचा अर्धा भाग चमकतो आणि डाव्या कोपऱ्यातल्या पोराला त्यावरचं एकही अक्षर दिसत नाही, हे तुला खुर्चीवरून कधीच कळणार नाही. पंखा एकच असतो आणि तो गुरुजींच्या डोक्यावर असतो. एप्रिलात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून आपण सकाळची शाळा करतो. पण अकरा वाजता पत्र्याखालच्या शेवटच्या रांगेत काय होतं ते तिथे बसणाऱ्यालाच माहीत. ते पोर पेंगलं की आपण म्हणतो, याचं अभ्यासात लक्ष नाही.

मी चौतीस वर्षं धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत शिकवलं. साक्री, शिरपूर, मग बदली होऊन चाळीसगाव, शेवटी यावल. त्यात एक गोष्ट उशिरा कळली, ती तुला लवकर सांगते. तुझ्या शाळेचा पट ६२ असेल तर तिथे ६२ शाळा आहेत. पाटलाच्या पोराची शाळा वेगळी आणि शेळ्या सोडून धावत येणाऱ्याची वेगळी. इमारत एक, गुरुजी एक, पुस्तक बालभारतीचंच, तरी प्रत्येकाला दिसणारी शाळा निराळी. आणि परीक्षेत पोर जे लिहितं ते त्याला दिसणाऱ्या शाळेत बसून लिहितं, आपल्या अहवालातल्या शाळेत बसून नाही.

हे मी हवेतलं बोलत नाही. मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्र करत होते तेव्हा एका जुन्या पुस्तकाने माझे कान उपटले. लंडनच्या मायकेल रटर यांनी सहकाऱ्यांबरोबर तिथल्या १२ माध्यमिक शाळा बरीच वर्षं न्याहाळल्या आणि १९७९ साली ते सगळं छापलं. पुस्तकाचं नाव 'पंधरा हजार तास'. पोर शाळेत पाऊल टाकतं तिथपासून शाळा सोडेपर्यंत ते तिथे एवढे तास काढतं, म्हणून. मुलं येतानाच कशी होती हा फरक हिशेबात धरूनसुद्धा शाळाशाळांत तफावत उरली: हजेरीत, वागण्यात, निकालात. आणि ती तफावत इमारत किती जुनी आणि जागा किती मोठी यावरून ठरत नव्हती. गुरुजी तासाला वेळेवर येतात का, गृहपाठ देतात तो तपासतात का, शाबासकी किती वेळा मिळते, मुलांच्या हाती काही जबाबदारी असते का, भिंतीवर मुलांनी केलेलं काम लावलेलं आहे का, असल्या बारीकसारीक गोष्टींशी ती जुळत होती.

भिंतीवरून आठवलं. आपल्याकडे भिंतीवर पेंटरने काढलेला मोर असतो. लोकवर्गणीतून काढलेला, झकास. पण त्या मोराकडे दुसऱ्या आठवड्यानंतर एकही पोर मान वर करून बघत नाही. त्याच्या खाली एक दोरी बांध आणि कपड्यांच्या चिमट्यांनी मुलांची पानं लाव. मोडक्या अक्षरातलीसुद्धा. मोडक्या अक्षरातली आधी.

तू विचारशील, की ज्याला गुण मिळतात त्यालाच शाळा आवडते ना? मग शाळा आवडल्याने गुण मिळतात हे कशावरून? विचारच, हा प्रश्न मी केंद्रप्रमुखांना विचारला होता आणि ते चिडले होते. हे नातं दुतर्फा आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्या पोराला शाळा गोड लागणारच. म्हणून मुलांचं मत घेतलं आणि ते निकालाच्या तक्त्याशेजारी लावलं, की झालं सिद्ध, असं समजू नकोस. एकाच पोराकडे वर्षभर बघत राहा. मी एक वही ठेवायचे. पोरांच्या नावापुढे आठवड्याला एकच खूण: या आठवड्यात हे पोर आपण होऊन बोललं की नाही. बाकी काही नाही. जुलैत ज्याच्यापुढे सलग रिकाम्या जागा, ते दिवाळीनंतर गैरहजर राहायला लागतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं की पुढे रिकामी जागा दिसली की मी त्या घरी चहाला जायची. माझी वही म्हणजे काही शास्त्र नव्हे. पण चाचणीचे गुण यायच्या आधी तीन महिने ती मला सांगायची.

आता नाव. हजेरी घेताना तुला पावरा दिसतील, तडवी दिसतील, बारेला दिसतील, पाटील-महाजन तर असतीलच. नाव जसं घरी म्हणतात तसं म्हण. नीट येत नसेल तर पोरालाच विचार, दोनदा म्हणून दाखव, तिसऱ्यांदा बरोबर म्हण. नाव "सुधारून" देऊ नकोस. एका गुरुजींना ही खोड होती, कोणत्या शाळेतले ते सांगत नाही. पोरांना ते शहरी नावं द्यायचे, मायेनेच. ती पोरं त्यांच्या तासाला दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने बसायची.

आणि बोली. हे जरा लांबेल, कारण इथे आपण खानदेशी माणसं सगळ्यात जास्त चुकतो. पहिलीतलं पोर उभं राहून म्हणतं, "मनी पाटी घर राही गई." वर्ग हसतो. हसणाऱ्यांतली निम्मी पोरं घरी तेच बोलतात, तरी हसतात, कारण त्यांनी गुरुजींच्या ओठाचा कोपरा हललेला पाहिला असतो. ते पोर खाली बसतं ते दिवाळीपर्यंत उठत नाही. मग आपण शेरा लिहितो, 'भाषा कच्ची'. अगं, भाषा कच्ची कुठे आहे? पाटी कुणाची, कुठे राहिली, काय झालं, पूर्ण वाक्य आहे की ते! असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी आपल्या बोलीत गायिलं ते लेकाने उतरवून ठेवलं, १९५२ साली छापून आलं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. विद्यापीठाच्या कमानीवर ते नाव आणि पहिलीच्या वर्गात त्या मातीच्या बोलीवर हसू, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात चालतं. मला याचा राग येतो, अजूनही येतो.

तू काय करायचं? फळ्याचे दोन भाग कर. पोर म्हणालं ते एका बाजूला जसंच्या तसं लिही, शेजारी पुस्तकातली मराठी लिही. कोणती बाजू चूक हे म्हणू नकोस, कारण कोणतीच चूक नाही. तुझ्याकडे तर पावरी बोलणारी पोरं असतील, आणि त्यातलं तुला एक अक्षरही कळणार नाही. छान झालं. रोज दोन शब्द त्यांच्याकडून शीक, चुकीचे म्हण, त्यांना हसू दे. वर्गात चुकणं चालतं हे पोरांना पटवायचं असेल तर आधी तू चुकायला हवंस.

चुकण्यावरूनच आणखी एक. प्रश्न विचारलास की थांब. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी तासांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे मनात "एक कणीस, दोन कणसं, तीन कणसं". मला सुरुवातीला ती शांतता सहन व्हायची नाही. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असलेल्या पोराला तर आधी प्रश्न आपल्या भाषेत न्यायचा असतो आणि मग उत्तर घेऊन परत यायचं असतं. त्याला पाच कणसं दे.

आता जे सांगते ते जरा जपून ऐक, कारण हे आपल्या हातून अजाणता घडतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलय्याची कोडी सोडवायला दिली, बरोबर सुटेल तसे पैसे. जातीचा उल्लेख झाला नाही तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातीची मुलं सारखीच निघाली. मग दुसऱ्या गटांत कोडी द्यायच्या आधी प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. खालची म्हणवलेल्या जातीच्या मुलांनी सोडवलेली कोडी लक्षात येण्याइतकी घटली. डोकं तेच, कोडी तीच. बदललं होतं ते एवढंच, की आता सगळ्यांना माहीत होतं. २००६ साली अर्थशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकात हे छापून आलं.

आता आपला वर्ग आठव. "अनुसूचित जमातीच्या मुलांनी उभं राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! सरकारी कामच होतं, वाईट हेतू काही नव्हता. पण कधी चाचणीच्या आदल्या दिवशी म्हटलं असेल, कधी त्याच सकाळी. तू हे कधीही भर वर्गात करू नकोस. फॉर्म घरी दे, पालकांना बोलव, मधल्या सुट्टीत एकेकाला हाक मार. जातीची नोंद असलेलं जनरल रजिस्टर कपाटात राहू दे, टेबलावर उघडं टाकू नकोस. आणि परीक्षेच्या आठवड्यात असलं कोणतंही काम काढू नकोस, वरून कितीही फोन आले तरी. 

माझी चूक सांगते. पोरांना शाळा कशी वाटते हे विचारायची कल्पना मला फार आवडली होती, तर मी चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, तीनच प्रश्न. शाळेत तुला कोणती जागा नको वाटते? कोणत्या वेळी पोटात गोळा येतो? मॅडमने काय करायचं थांबवावं? मला वाटलं, सगळे माझं कौतुक लिहितील. मी तशी प्रेमळ म्हणून ओळखली जायची. बहुतेकांनी लिहिलंही. एका चिठ्ठीत मात्र होतं, "मॅडम मला कधीच विचारत नाही. मला येतं." पुढे टिंबही नव्हतं. मी चिठ्ठी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग एका तासाला कागदावर खुणा करत बसले: मी कोणाला प्रश्न विचारते. पुढच्या दोन रांगा, आणि त्यातही खिडकीकडची मुलं. बस. चौतीस वर्षांतली वीस तशीच गेली असणार.

त्यानंतर पोस्टकार्डाचे तुकडे केले, प्रत्येकावर एक नाव, बिस्किटाच्या डब्यात. चिठ्ठी काढायची, त्याला विचारायचं. खरं सांगायचं तर तेही मी सलग तीन आठवडेच केलं, मग डबा कपाटावर गेला, मग लाज वाटून पुन्हा खाली आला. असंच चालतं.

तर चिठ्ठ्या घेच, पण काही गोष्टी सांभाळ. अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नकोस. तुला ओळखता येईल, म्हणूनच नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना चित्र काढू दे, जी जागा नको वाटते तिथे फुली मारू दे. सरासरीला भुलू नकोस. चाळीसपैकी पस्तीस जणांनी 'छान' लिहिलं म्हणजे शाळा छान, असा अहवाल होतो, पण तुझं काम उरलेल्या पाचांपाशी आहे. आणि चिठ्ठ्या वाचल्यावर आठ दिवसांच्या आत एक गोष्ट बदल, लहानशी का होईना, आणि परिपाठाला सगळ्यांना सांग की तुमच्यापैकी कोणीतरी लिहिलं म्हणून हे बदललं. नाहीतर पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्यांवर 'छान' येईल. मोठी माणसं ग्रामसभेत गप्प बसायला लागतात, तेही असंच.

शिक्षेचं थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं. छडी गेली, जीभ राहिली. "तुझ्या बापाने कधी पुस्तक पाहिलं का" हे मानसिक छळातच येतं, लक्षात ठेव. आणि त्याहून जास्त पोरं बघतात ते नियम सगळ्यांना सारखा आहे का. व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा नातू दहा मिनिटं उशिरा आला तर "ये बेटा", आणि शेळ्यांमागून धावत आलेला उशिरा आला तर बाहेर उभा. पोरं हे घड्याळ लावून मोजतात. मुली झाडू मारणार आणि मुलगे घंटा वाजवणार, हेही मोजतात. घंटेची पाळी लाव, झाडूचीही लाव, तक्ता कर आणि तुझं नाव त्यात पहिलं लिही.

झाडूवरून अमळनेर आठवलंच पाहिजे. साने गुरुजी तिथे तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि १९२४ मध्ये हायस्कुलात शिक्षक झाले, आपलं प्रताप हायस्कूल. पुढे वसतिगृह त्यांच्याकडे आलं. पोरं शाळेत गेली की गुरुजी खोल्या झाडायचे, पसरलेली अंथरुणं आवरायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे, आजारी पोराच्या उशाशी बसायचे. पोरं परत येऊन बघतात तर खोली लख्ख. ओरडा नाही, नोटीस नाही. हळूहळू पोरं स्वतःच आवरायला लागली. ही गोष्ट आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात आणि आपण डोळे पुसतो. मी तुला उलटं सांगते: गुरुजींसारखं व्हायला जाऊ नकोस. त्यांना ना संसार होता ना ऑनलाइन माहिती भरायची होती. सहा वर्षं त्यांनी नोकरी केली आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी ती सोडली. तू तीस वर्षं करणार आहेस. सगळं अंगावर घेशील तर तिसऱ्या वर्षी चिडचिडी होशील, आणि चिडचिड्या बाईच्या वर्गात पोरांना जी शाळा दिसते ती मी पाहिली आहे.

त्यांची एकच गोष्ट घे. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहायचे. रोज! मुलांच्याच जगातलं, मुलांसाठी. आदल्या दिवशी आपल्याबाबत घडलेलं कोणीतरी टिपून ठेवलंय, हे त्या वयात केवढं असतं! पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती याच गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून आज आपल्या हातात आहेत. दुसऱ्याचं बोलणं इतक्या जपून ऐकणारा माणूस अमळनेरच्या पोरांचंही तसंच ऐकत असणार, असं मला आपलं वाटतं. तुला दैनिक जमणार नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज एक ओळ लिही, वर्गातल्या एका पोराची बातमी. 'काल हिच्या गायीला वासरू झालं.' सात-आठ आठवड्यांत सगळा वर्ग होतो.

पण माय, नुसतं गोड बोलून गुण वाढत नाहीत. हे मला प्रेमळपणाच्या तोऱ्यात कळायला वेळ लागला. शिकागोतल्या सहावी आणि आठवीच्या मुलांवरचा एक अभ्यास १९९९ साली व्हॅलरी ली आणि जुलिया स्मिथ यांनी छापला. जिव्हाळा आणि आधार मिळालेली मुलं जास्त शिकली, पण कुठे? ज्या शाळा अभ्यासाचा आग्रहही धरत होत्या तिथे. आग्रह नसलेल्या शाळेत नुसत्या आधाराने फारसं हललं नाही. "बिचारा, घरची परिस्थिती तशी" म्हणून ज्याची वही तू तपासत नाहीस, त्याला वाटतं बाईंना माझ्याकडून काही अपेक्षाच नाही. आणि ते खरं असतं. वही तपास. लाल पेनाने बरोबर-चूक दाखव, पुन्हा लिहून आण म्हण. रोज सगळ्यांच्या होत नसतील तर रोज दहा तपास, पण दिलेला गृहपाठ न बघता सोडू नकोस. त्यापेक्षा देऊच नकोस.

आणि आता कापूस. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की तुझी पाचवी ते सातवी निम्मी होईल. मुली जास्त जातील. कोणी वेचायला जातं, कोणी घरी धाकट्याला सांभाळायला राहतं. धुळे-नंदुरबारकडची कुटुंबं तर ऊसतोडीला बारडोलीकडे जातात आणि होळीला, कधी त्यानंतरच परततात. तिथे काय करता येईल हे मोठ्या माणसांचं काम. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, गावात दहा-वीस पोरं थांबू शकत असतील तर मुख्याध्यापकांच्या मागे लागून प्रस्ताव वेळेत पाठव, पोरं गेल्यावर नाही. तुझ्या एकटीच्या हातात आहे तो पोर परत येतं तेव्हाचा पहिला तास.

तो तास मी अनेक शाळांत पाहिला. पोर वीस दिवसांनी दारात उभं राहतं. गुरुजी म्हणतात, "या पाहुणे!" वर्ग खो-खो हसतो. गुरुजींना वाटतं विनोद केला. त्याच्या जागेवर दुसरंच कोणी बसलेलं असतं, पुस्तकाचे चार धडे पुढे गेलेले असतात, आणि उभ्यानेच त्याला कळतं की ही शाळा त्याच्यावाचून नीट चालली होती. दुपारनंतर ते येत नाही. आपण सरकारच्या 'सरल' प्रणालीवर गैरहजेरीचं कारण भरतो: पालकांची उदासीनता.

त्याऐवजी जागा राखून ठेव. पोरगी वेचणीला गेली तरी तिची जागा तिची. शेजाऱ्याला सांग, तिच्यासाठी मथळे लिहून ठेव, नुसते मथळे. आणि आल्या-आल्या विचार, किलोमागे काय मिळालं, दिवसाला किती भरायचा? खडू तिच्या हातात दे आणि फळ्यावर हिशेब करू दे. अपूर्णांक तिला तुझ्यापेक्षा बरा येईल, कारण काट्यावर कोणी पाव किलो मारला तर तिच्याच घरचं जातं. मी चाळीसगावकडे एका मुलीला असं उभं केलं, तर तिने व्यापाऱ्याच्या काट्याचं गणित असं सोडवलं की सातवीतले मुलगे वह्या काढून उतरवायला लागले. ती दहावी झाली की नाही हे मात्र मला सांगता येणार नाही. माझी बदली झाली.

ऑफिसातलं एक सांगून टाकते. मधल्या सुट्टीत चहा होतो, आणि कोणीतरी एखाद्या पोराची नक्कल करतं. तू नवी असशील, हसावंसं वाटेल. हसू नकोस, विरोधही करू नकोस पहिल्या वर्षी. नुसती कप धुवायला ऊठ. खिचडीच्या पातेल्यापाशी जाऊन बस, पोरं तिथे सगळं बोलतात. पालकांचं म्हणशील तर व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असावे लागतात आणि निम्म्या बाया, हे कायद्यात आहे. पण बैठक दुपारी दोनला ठेवली तर शेतातली कोणती बाई येईल? संध्याकाळी सातला ठेव, मंदिराच्या ओट्यावर. सही घ्यायला घरोघर कागद फिरवू नकोस.

शेवटचं, आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण इतर सगळं विसरलीस तरी हे विसरू नये. मुलींचं स्वच्छतागृह. अहवालात ते असतं, रंगवलेलं असतं, आणि त्याला कुलूप असतं. किल्ली ऑफिसात, मुख्याध्यापकांच्या टेबलामागच्या खिळ्यावर. सहावी-सातवीची पोर चार पुरुषांसमोर किल्ली मागायला जाईल का? ती जात नाही. ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मग तिसऱ्या तासाला डोकं दुखतं, चौथ्याला गणितात लक्ष नसतं, आणि महिन्यातले चार दिवस ती शाळेतच येत नाही. चार दिवस गुणिले दहा महिने, करून बघ हिशेब. त्या मुलीला 'शाळा कशी वाटते' विचारलं तर ती 'छान' लिहील, कारण हे कोणत्या रकान्यात लिहायचं तिला माहीत नसतं.

सोमवारी हजर झालीस की त्या कुलपाची दुसरी किल्ली करून घे, तालुक्याच्या बाजारात पंधरा मिनिटांचं काम आहे. मुलींच्या वर्गातच, दाराच्या आतल्या बाजूला, त्यांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर खिळा ठोक आणि किल्ली तिथे अडकव. पैसे शाळेच्या खात्यातून मागू नकोस, पावती-ठरावात दोन महिने जातील. माझ्याकडून घेऊन जा. आणि हातोडी घेऊन जायला विसरू नकोस, शाळेत हातोडी नसते.